बारावीनंतर सवलती आपोआप मिळत नाहीत : अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला महाविद्यालयात मदत कशी मिळवून द्यावी

डोंबिवलीच्या एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या मुलाला वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता आहे. मराठी माध्यमातून दहावी आणि नंतर वाणिज्य शाखेतून बारावी, या दोन्ही परीक्षा त्याने मंडळाच्या सवलती घेऊन दिल्या. दोन्ही वेळा वाढीव वेळ मिळाला, दहावीला लेखनिकही मिळाला. आता तो बी.कॉम.ला प्रवेश घेत आहे. त्याचे प्रमाणपत्र चौदाव्या वर्षीचे आहे, महाविद्यालयाच्या कार्यालयात चौकशी केली तेव्हा ‘परीक्षेच्या वेळी बघू’ असे उत्तर मिळाले, आणि मुलगा स्वतः ‘कॉलेजात कुणाला काही सांगू नकोस’ म्हणून अडून बसला आहे. पालकांनी नेमके काय करावे, कोणाला भेटावे आणि मुलाचे किती ऐकावे, असे त्यांनी विचारले आहे.

विशेष शिक्षिका म्हणून आणि पुढे महाविद्यालयाच्या समान संधी कक्षात (दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सोयी पाहणाऱ्या विभागात) काम करताना मला हा प्रश्न दर जून-जुलैमध्ये वेगवेगळ्या पालकांकडून ऐकायला मिळतो. त्यामुळे आधी मुळातला फरक सांगते. शाळेत यंत्रणा मुलापर्यंत येते. वर्गशिक्षिकेला मूल माहीत असते, मुख्याध्यापक मंडळाकडे सवलतीचा प्रस्ताव पाठवतात आणि आई अधूनमधून शाळेत जाऊन आठवण करून देते. महाविद्यालयात एका तुकडीत शंभराहून अधिक मुले असतात, प्रत्येक विषयाचे प्राध्यापक वेगळे असतात आणि परीक्षा विभागाला विद्यार्थी फक्त बैठक क्रमांकाने ओळखू येतो. तिथे मागितल्याशिवाय काही मिळत नाही, आणि मागायचे ते विद्यार्थ्याने, लेखी, परीक्षेच्या बऱ्याच आधी आणि दर सत्राला मागायचे असते. त्यात तुमचा मुलगा अठरा वर्षांचा झाला की कायद्याने सज्ञान होतो, त्यामुळे अर्जावर सही त्याची लागते. तुमचे काम आता त्याच्या वतीने बोलण्याचे राहिलेले नाही. तो बोलेल अशी तयारी करून देणे आणि कागद नीट ठेवणे, हे तुमचे काम आहे. पुढचे सगळे सांगणे या एका गोष्टीवर आधारलेले आहे.

सुरुवात प्रमाणपत्राच्या तारखेपासून करा. केंद्र सरकारने ४ जानेवारी २०१८ रोजी प्रसिद्ध केलेल्या दिव्यांगत्व मूल्यमापनाच्या मार्गदर्शक सूचनांनी अध्ययन अक्षमतेसाठी अशी पद्धत घालून दिली की प्रमाणपत्र आठ वर्षे पूर्ण झाल्यावर द्यावे, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी करावी, आणि अठराव्या वर्षी दिलेले प्रमाणपत्र कायमचे ग्राह्य धरावे. म्हणजे मूल महाविद्यालयाच्या दारात उभे असते नेमक्या त्याच वर्षी जुन्या कागदाची मुदत संपत असते. बारावीच्या धांदलीत हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आणि ऑक्टोबरात परीक्षा विभागाने ‘नवीन प्रमाणपत्र आणा’ म्हटले की धावपळ सुरू होते. म्हणून फेरतपासणीची वेळ आजच घ्या. आता प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे केंद्रीय ओळखपत्र) या दोन्हींसाठी केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करावा लागतो. तो भरताना कोणते रुग्णालय निवडता येते ते काळजीपूर्वक पाहा, कारण अध्ययन अक्षमतेची तपासणी सगळ्याच शासकीय रुग्णालयांत होत नाही. मुंबईत शीवचे लोकमान्य टिळक, परळचे केईएम आणि नायर या महापालिका रुग्णालयांत हे काम बऱ्याच वर्षांपासून चालते.

तपासणीला जाताना जुना अहवाल, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, मंडळाचे सवलत मंजुरीचे पत्र आणि मुलाच्या दोन-तीन वह्या बरोबर ठेवा. वह्या त्याने वर्गात स्वतः लिहिलेल्या असाव्यात. क्लासच्या नोट्स फळ्यावरून सुबक अक्षरात उतरवलेली वही तपासणाऱ्याला काहीच सांगत नाही. ज्या पानावर वेलांट्या सुटल्या आहेत, जोडाक्षरे मोडली आहेत, एक ओळ अर्धी राहून दुसरी सुरू झाली आहे, ते पान कामाचे. तपासणी एका फेरीत संपत नाही. बुद्ध्यांक, वाचन, लेखन आणि गणित यांच्या वेगवेगळ्या चाचण्या होतात, आणि मधे बरेच दिवस जाऊ शकतात. खासगी मानसशास्त्रज्ञाचा अहवाल मुलाला समजून घेण्यासाठी उपयोगी असतो, पण सवलतीसाठी अधिसूचित वैद्यकीय प्राधिकाऱ्याचेच प्रमाणपत्र लागते. नवे प्रमाणपत्र हाती येईपर्यंत अर्ज थांबवून ठेवू नका. जुन्या प्रमाणपत्राची प्रत आणि फेरतपासणीच्या तारखेची पावती जोडून तो आताच द्या.

दिव्यांगत्वाच्या टक्केवारीविषयी पालकांच्या मनात फार गोंधळ असतो, आणि कार्यालयांतही तो कमी नसतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीतील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा स्वतंत्र समावेश आहे. कलम ३२ नुसार शासकीय आणि शासकीय अनुदान घेणाऱ्या उच्च शिक्षण संस्थांनी किमान ५ टक्के जागा राखून ठेवायच्या आहेत आणि प्रवेशाच्या वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट द्यायची आहे. ही तरतूद ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी आहे. शिष्यवृत्त्यांनाही बहुधा हीच अट असते. परीक्षेतला वाढीव वेळ, लेखनिक, स्वतंत्र खोली यांचा विषय मात्र वेगळा आहे. त्या सोयी कलम १६ आणि १७ मधल्या सर्वसमावेशक शिक्षणाच्या कर्तव्यातून येतात. कलम १७ मध्ये तर परीक्षेचा वाढीव वेळ आणि लेखनिक यांचा नावानिशी उल्लेख आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात, हाताने लिहिताना अडचण येणाऱ्या उमेदवाराला केवळ ४० टक्क्यांची अट दाखवून लेखनिक नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नीट परीक्षेत हक्काचा वाढीव एक तास नाकारल्या गेलेल्या, लेखनाची अक्षमता असणाऱ्या विद्यार्थिनीच्या प्रकरणात, आणि ३ फेब्रुवारी २०२५ रोजी बँक भरतीच्या परीक्षांसंबंधी निकालात न्यायालयाने हीच भूमिका पुढे नेली. तेव्हा ‘टक्केवारी भरत नाही, म्हणून सवलत नाही’ असे खिडकीवर सांगितले गेले, तर ते जागेच्या आरक्षणाबाबत खरे असेल, परीक्षेतल्या सोयीबाबत नाही. दोन्ही गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत. तुमच्या मुलाने खुल्या गुणवत्ता यादीतून प्रवेश घेतला तरी वाढीव वेळ मागण्याचा त्याचा हक्क जात नाही.

प्रवेश अजून पक्का झाला नसेल, तर महाविद्यालय निवडताना एक साधी युक्ती करा. नॅक या महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडून मूल्यांकन करून घेणारे महाविद्यालय स्वयं-अध्ययन अहवाल तयार करते आणि तो आपल्या संकेतस्थळावर ठेवते. त्यातल्या सातव्या निकषाखाली दिव्यांगस्नेही वातावरणाची माहिती द्यावी लागते : उतरण, लिफ्ट, स्वच्छतागृह, स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे साधन), लेखनिक, वाचक, मजकुराच्या सॉफ्ट कॉपी. बहुतेक ठिकाणी उतरणीचे फोटो झकास असतात. त्या उतरणीवर सायकली उभ्या असतात की नाही, हे मात्र प्रत्यक्ष जाऊनच कळते. अहवाल छापून घ्या आणि ‘लेखनिक व वाचक उपलब्ध’ असे लिहिले असेल तर समन्वयक कोण, गेल्या वर्षी किती विद्यार्थ्यांनी ही सोय घेतली, एवढेच नम्रपणे विचारा. जिथे ताबडतोब एका प्राध्यापकांचे नाव आणि त्यांची खोली सांगितली जाते, ते महाविद्यालय दोन-चार टक्क्यांनी ‘खालचे’ असले तरी मी मुलासाठी तेच निवडेन. घरापासूनचे अंतरही लक्षात घ्या. वाचायला इतरांच्या दुप्पट वेळ लागणाऱ्या मुलाचे रोजचे तीन तास लोकलमध्ये जाणे परवडत नाही.

आता अर्ज. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तो प्राचार्यांच्या नावे लिहून आवक-जावक खिडकीवर द्यायचा, प्रती समान संधी कक्षाच्या समन्वयकांना आणि परीक्षा समितीला द्यायच्या, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यायचा. शिक्का न घेता कागद कुणाच्या हातात देऊन येऊ नका. ‘सर, मी दिला होता’ याला नोव्हेंबरात काही किंमत नसते. बहुतेक अर्जांत ‘मला नियमाप्रमाणे सवलती मिळाव्यात’ एवढेच लिहिलेले असते, आणि कोणत्या सवलती ते कारकुनाने ठरवायचे असते. त्याऐवजी अडचण आणि मागणी एकमेकींना जोडून लिहावी. मुलाच्या शब्दांत अर्ज साधारण असा होईल : ‘मला वाचन व लेखनाची अध्ययन अक्षमता असून प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. छापील मजकूर वाचण्यास मला अधिक वेळ लागतो आणि सलग लिहिताना अक्षरे व काना-मात्रा गळतात. दहावी व बारावीस मंडळाने मला वाढीव वेळ मंजूर केला होता, त्या पत्राची प्रत जोडली आहे. तरी अंतर्गत चाचण्यांसह सर्व परीक्षांत मला प्रत्येक तासामागे २० मिनिटे वाढीव वेळ द्यावा, बैठक व्यवस्था वेगळ्या खोलीत करावी, शुद्धलेखनाच्या चुकांसाठी गुण कापले जाऊ नयेत, आणि माझ्या अक्षमतेचा उल्लेख असलेली यादी सूचना फलकावर लावू नये, ही विनंती.’ तासामागे किमान २० मिनिटे हे प्रमाण केंद्राच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतले आहे. विद्यापीठाचे स्वतःचे परिपत्रक वेळोवेळी बदलते, म्हणून त्या वर्षीचे परिपत्रक परीक्षा विभागाकडून मागून घ्या आणि त्याचा क्रमांक अर्जात घाला.

वेगळी खोली मागण्याचे कारण परीक्षा जवळून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. साध्या वर्गात पेपर संपल्याची घंटा झाली की पर्यवेक्षक उत्तरपत्रिका गोळा करतात, क्रमवार लावतात, मोजतात आणि गठ्ठा वेळेत परीक्षा कक्षात जमा करतात. त्यांचे सारे लक्ष गठ्ठा पुरा होण्याकडे असते. त्या गडबडीत तुमचा मुलगा ‘मला अजून चाळीस मिनिटे आहेत’ असे भरल्या वर्गात उभा राहून सांगेल, ही अपेक्षा मुळात चुकीची आहे. तो निमूट पेपर देऊन टाकेल. काही वेळा पर्यवेक्षक थांबायला तयार असतात, पण पुढच्या सत्राच्या परीक्षेसाठी तोच वर्ग हवा असतो, बाहेर मुले उभी असतात, बाक सरकवले जातात आणि मिळालेला वेळ वाया जातो. म्हणून दोन तासांच्या पेपरला २ तास ४० मिनिटे आणि अडीच तासांच्या पेपरला ३ तास २० मिनिटे बसू शकेल अशी खोली आणि तिथे शेवटपर्यंत थांबणारे पर्यवेक्षक, दोन्ही आधी ठरलेले असावे लागतात. परीक्षेच्या आठवडाभर आधी मुलाने स्वतः जाऊन खोली क्रमांक विचारून घ्यावा आणि मंजुरीपत्राची एक प्रत हॉल तिकिटाबरोबर खिशात ठेवावी.

लेखनिकाचा निर्णय सवयीने घेऊ नका. दहावीला लेखनिक होता म्हणून पदवीलाही हवाच, असे नसते. घरी मागच्या वर्षाच्या दोन प्रश्नपत्रिका घ्या. एक त्याने वाढीव वेळेत स्वतः लिहावी, दुसरी त्याने सांगावी आणि दुसऱ्या कुणीतरी लिहावी, आणि मग कोणत्या पेपरात त्याला येत असलेले जास्त कागदावर उतरले ते पाहा. अनेक मुलांना लिहिता येते, अडते ते प्रश्न वाचण्यात. त्यांना प्रश्न वाचून दाखवणारी व्यक्ती पुरते. अर्थशास्त्र किंवा व्यवसाय पर्यावरण अशा विषयांत सांगून लिहून घेणे सोपे जाते. लेखाकर्मात मात्र ते अवघड असते. रोजकीर्दीत तारीख, तपशील, खातेपान, नावे, जमा हे रकाने लेखनिकाला माहीत नसतील तर मुलाचा हिशोब बरोबर असूनही खतावणी भलत्या बाजूला जाते, तेरीज पत्रक जुळत नाही आणि शेवटची वीस मिनिटे खाडाखोडीत जातात. स्वतःचा लेखनिक आणायचा असल्यास त्याची पात्रता परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी असावी, असे २०१८ च्या सूचनांत म्हटले होते. तेव्हा प्रथम वर्षासाठी वाणिज्य शाखेचा अकरावी-बारावीतला विद्यार्थी शोधावा आणि त्याच्याबरोबर दोन-तीन संध्याकाळी सराव करावा. सांगणाऱ्यालाही शिकावे लागते : कुठे थांबायचे, आकडा सुटा सुटा कसा सांगायचा, लिहिलेले परत वाचायला कसे लावायचे. पाल्याचा लेखनिक म्हणून सख्खी धाकटी बहीण सुचवणारे पालक भेटतात, पण बहुतेक ठिकाणी नातेवाईक चालत नाहीत आणि ते योग्यच आहे. ऐन वेळी लेखनिक आजारी पडला तर, म्हणून आणखी एक नाव मंजूर करून ठेवा.

भाषेचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो येणारच आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाच्या हाती पदवीला अचानक इंग्रजी पुस्तके येतात, आणि वाचनाची अडचण असलेल्या मुलाला हा बदल इतरांपेक्षा कितीतरी जड जातो. कोणत्या विषयांची उत्तरे मराठीत लिहिता येतात हे पहिल्याच महिन्यात परीक्षा विभागाकडून लेखी विचारून घ्या, आणि केवळ मित्र इंग्रजीत लिहितात म्हणून त्याला माध्यम बदलायला लावू नका. मराठीत लिहायचे ठरले तर लेखनिकही मराठी सफाईने लिहिणारा हवा. हे उघड वाटते, पण अनेकदा इंग्रजी माध्यमाचा मुलगा लेखनिक म्हणून येतो आणि ‘घसारा’ कसा लिहायचा हे परीक्षार्थीलाच विचारतो.

सत्रान्त परीक्षेची सोय लावून पालक निश्चिंत होतात आणि अंतर्गत गुण हातचे जातात. वर्गात अचानक घेतलेली वीस गुणांची चाचणी, मोबाईलवर वेळ लावून घेतलेली प्रश्नमंजूषा, ग्रंथालयात बसून लिहायचा प्रकल्प, यांत सवलत कुणाच्या लक्षात राहत नाही, कारण त्या परीक्षा विभागाकडे नसून ज्या त्या प्राध्यापकांकडे असतात. म्हणूनच वरच्या नमुन्यात ‘अंतर्गत चाचण्यांसह’ हे शब्द घातले आहेत. समन्वयकांनी सर्व विषय-प्राध्यापकांना एक सूचना पाठवली की मुलाला प्रत्येकापुढे जाऊन आपली कहाणी सांगावी लागत नाही. मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पहिल्या दोन वर्षांच्या परीक्षा परंपरेने महाविद्यालयच विद्यापीठाच्या वतीने घेते, तिसऱ्या वर्षाच्या विद्यापीठाकडे असतात आणि केंद्र दुसऱ्याच महाविद्यालयात येऊ शकते. तिथे त्याला कोणी ओळखत नसते. त्यामुळे तिसऱ्या वर्षी मंजुरीचा कागद केंद्रावर पोहोचला आहे का, याची खात्री परीक्षेआधी त्या केंद्रावर जाऊन करावी. एखादा विषय राहिला आणि एटीकेटीचा पेपर द्यायचा असेल तर त्यासाठीही वेगळा अर्ज द्यावा लागतो.

सवलत म्हणजे फक्त परीक्षा नव्हे. वर्षभराच्या वाचनाचे काय, हा खरे तर मोठा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर आता बरेचसे फोनमध्येच आहे. पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून त्यातला मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी साधने बहुतेक फोनवर विनामूल्य चालतात, मराठीसुद्धा बऱ्यापैकी वाचतात. डोळ्यांपुढे ओळ आणि कानात आवाज असे दोन्ही एकदम मिळाले की अध्ययन अक्षमता असणाऱ्या अनेक मुलांचे आकलन सुधारते. २०१६ मध्ये सुरू झालेले सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय छापील मजकूर वाचण्यात अडचण असणाऱ्यांसाठी आहे, तिथे सभासदत्व घेता येते. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात अशा वाचकांसाठी पुस्तके सुलभ स्वरूपात आणण्याची सोय केलेली आहे. त्यामुळे क्रमिक पुस्तक स्कॅन करून द्यायला ग्रंथपाल बिचकले तर त्यांना ही तरतूद दाखवावी. प्राध्यापकांकडे व्याख्यान ध्वनिमुद्रित करण्याची परवानगी आणि पीपीटी आदल्या दिवशी मागावी. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी चालणारे संसाधन केंद्र एकदा पाहून यावे असे मी इतर महाविद्यालयांच्या समन्वयकांना सांगत असते, कारण साधनांपेक्षा कामाची पद्धत तिथे शिकण्यासारखी आहे. महाविद्यालयात जे उपचारात्मक वर्ग चालतात ते मागे पडलेल्या मुलांसाठी उजळणीचे असतात. ते वाईट नाहीत, पण विशेष शिक्षण म्हणून त्यांच्याकडे पाहू नका.

मुलगा ‘सांगू नको’ म्हणतो, त्याविषयी. त्याच्या या म्हणण्यामागे बहुधा शाळेतला एखादा अनुभव असतो : सवलतीवाल्या मुलांची नावे वर्गात मोठ्याने वाचली गेली असतील किंवा ‘तुला काय, रायटर आहे’ असे कुणी म्हटले असेल. नवी जागा म्हणजे कोरी पाटी, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. त्याच्याशी भांडण्याऐवजी ‘सांगणे’ याचे तुकडे पाडून दाखवा. मित्रांना सांगायचे की नाही हा सर्वस्वी त्याचा प्रश्न आहे. सगळ्या प्राध्यापकांनाही निदान सांगायची गरज नाही, त्यांना फक्त काय सोय द्यायची हे कळले तरी पुरते. निदानासह सगळी माहिती समन्वयक आणि परीक्षा विभाग या दोघांनाच हवी असते. अर्ज दिला म्हणून सवलत वापरलीच पाहिजे असेही नाही. मंजुरी हाती असावी, पहिल्या चाचणीत ती वापरायची की नाही ते त्याने ठरवावे. मात्र मंजुरी न घेता पहिले सत्र ‘बघू तरी’ म्हणून काढणे मला पटत नाही, कारण निकाल लागल्यावर मागे जाऊन वाढीव वेळ मिळत नाही.

समन्वयकांना भेटताना पहिल्या वेळी त्याच्याबरोबर जायला हरकत नाही, पण खुर्चीत बसल्यावर बोलणे त्याने सुरू करावे. त्यासाठी घरी तालीम घ्या : मला काय अवघड जाते, कशाने सोपे होते, आणि मी आपल्याकडे काय मागतो आहे, एवढी तीन वाक्ये. अभ्यासात चाचपडणारी मुलेही ही तीन वाक्ये चांगली बोलतात, आणि समोरच्या माणसाचा सूर त्यानंतर बदलतो, हे मी सतत पाहिले आहे. प्रश्न आईला विचारले गेले तर उत्तर देण्याचा मोह आवरून मुलाकडे पाहा. पालकांना हे फार जड जाते.

इतर प्रकारच्या दिव्यांगत्वाबद्दल विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात : पद्धत हीच, मागण्या वेगळ्या. सेरेब्रल पाल्सी असलेल्या विद्यार्थ्याच्या तुकडीचा वर्ग तळमजल्यावर हलवणे ही वाजवी सोयीतच मोडणारी मागणी आहे, आणि लिफ्टची किल्ली शिपायाकडे असते तिथे ती विद्यार्थ्यालाही मिळावी, असे लेखी मागता येते. कर्णबधिर विद्यार्थ्यासाठी टिपणे आणि सांकेतिक भाषेचा दुभाषी, अंशतः दृष्टिबाधितासाठी मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका, स्वमग्न विद्यार्थ्यासाठी शांत खोली आणि गटप्रकल्पात ठरावीक काम मागावे. मानसिक आजारामुळे उपस्थिती कमी पडणार असेल तर ते हजेरीची यादी लागण्याआधी कळवावे, नंतर नव्हे. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता असलेल्या सज्ञान मुलाला स्वतः निर्णय घेणे खरोखर शक्य नसेल, तर राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. तुमच्या मुलाच्या बाबतीत त्याचा काही संबंध नाही.

पैशाच्या बाबतीत राज्य शासनाचे महाडीबीटी पोर्टल आणि केंद्राचे राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल या दोन ठिकाणी दिव्यांग विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर योजना पाहाव्यात. तांत्रिक पदविका किंवा पदवी घेणाऱ्यांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची सक्षम शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५० हजार रुपये, मात्र दिव्यांगत्व किमान ४० टक्के आणि कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असावे लागते. बी.कॉम.ला ती लागू होत नाही.

अर्ज देऊनही दाद लागली नाही तर आवाज चढवण्याऐवजी पायऱ्या चढा. आधी प्राचार्यांना स्मरणपत्र द्या, त्यात पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक लिहा आणि नकार असेल तर तो कारणासह लेखी मागा. कारण लिहून द्यायची वेळ आली की पुष्कळ नकार तिथेच विरघळतात. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत असायला हवी ती विद्यार्थी तक्रार निवारण समिती, तिच्यावर विद्यापीठाचे लोकपाल, आणि याबरोबरच दिव्यांग हक्क कायद्याखालील राज्य आयुक्त, ज्यांचे कार्यालय पुण्यात आहे. परीक्षा तोंडावर असेल तर समितीच्या तारखेची वाट पाहत बसू नका, विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे त्याच दिवशी अर्ज द्या. आयुक्तांकडे जाणे म्हणजे महाविद्यालयाशी वैर घेणे, असे पालकांना वाटते. माझ्या पाहण्यात अशा तक्रारीनंतर मुलाला त्रास झाल्याची उदाहरणे विरळा आहेत, आणि तक्रार कागदांवर बोलणारी असेल तर बहुधा होतच नाहीत.

शेवटी त्या कागदांविषयी. एका फाइलमध्ये मूळ प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड, मंडळाची मंजुरीपत्रे, दर सत्राच्या अर्जाची शिक्क्याची प्रत आणि महाविद्यालयाचे मंजुरीपत्र तारखेनुसार लावत जा, आणि सगळ्याची स्कॅन प्रत मुलाच्या स्वतःच्या ईमेलवर ठेवा. पुढे बँकेच्या किंवा लोकसेवा आयोगाच्या परीक्षा द्यायच्या झाल्या तर लिहिण्यातील अडचणीचे प्रमाणपत्र त्या त्या संस्थेच्या ठरलेल्या नमुन्यात, शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सहीने, नव्याने मागितले जाते. ते घ्यायला रुग्णालयात जाल तेव्हा दहावीपासूनची सलग नोंद दाखवता आली, तर काम बरेच सोपे होते. या आठवड्यात मात्र दोनच गोष्टी करा : फेरतपासणीसाठी पोर्टलवर अर्ज, आणि मुलाच्या हस्ताक्षरात नसला तरी त्याच्या सहीचा एक अर्ज आवक खिडकीवर.